बाही हातात राहिली

दिवाणखान्यातल्या दांडीवर दोन पांढरे ड्रेस शेजारी शेजारी टांगले होते. मापाने सारखे, रंगाने सारखे. दुरून बघणाऱ्याला जुळेच वाटले असते. आप्पांनी एकाचा सदरा अंगात चढवला, पाय फाकवून उभे राहिले आणि हवेत एक ठोसा मारून हात जागच्या जागी थांबवला.

फट्!

मग त्यांनी दुसरा सदरा घातला आणि तसाच ठोसा मारला. या वेळी नुसती सळसळ झाली.

"आता सांग बघू, कादू," आप्पा धापा टाकत म्हणाले. "हात माझाच, जोरही तेवढाच. मग एक बाही बोलली आणि दुसरी गप्प का राहिली?"

कादंबरी मगदूम सातवीत होती आणि तीन वर्षं कराटे शिकत होती. तिचे आजोबा, श्रीपाल मगदूम, यांना घरात सगळे आप्पा म्हणत. इचलकरंजीत आता माग स्वतःच तुटलेला धागा जोडतात, गल्लीत पूर्वीचा खडखडाट राहिलेला नाही, पण गाव अजून कापडावरच जगतं. आप्पांनी सगळी हयात तिथल्या एका कापड-तपासणी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून काढली होती. निवृत्त झाले तरी त्यांचे पाय तिकडेच वळायचे.

कादंबरीने कोड्याकडे लक्षच दिलं नाही. "आप्पा, हे दोन्ही नकोत. मला 'झळक' कंपनीचा ड्रेस घ्यायचाय, त्याच्या बाहीत आवाजाची चकती आधीच बसवलेली असते. हात जोरात हलला की आपोआप फट्! क्लासमधल्या सगळ्यांना तोच हवाय. किती हलका आहे, माहितेय? आणि चमकतो पण."

"बरं, चमकू दे. पण घ्यायच्या आधी एकदा माझ्याबरोबर प्रयोगशाळेत चल. एक दुपार दे मला. तिथे आमचा रोबो ताणू आहे, तो दाखवेल तुला."

"मला सराव आहे, आप्पा. नंतर बघू."

 आप्पांनी दोन्ही ड्रेस घडी करून ठेवून दिले.

कादंबरीची जोडीदार होती शाहीन जमादार. दोघी एकाच वर्गात होत्या आणि कराटेच्या क्लासलाही एकत्रच जायच्या. त्या वर्षी दोघी जोडीच्या स्पर्धेत उतरणार होत्या. त्यात आधी काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) करायचा आणि मग बुंकाई, म्हणजे त्याच हालचाली खऱ्या झटापटीत कशा वापरतात ते एकमेकींवर करून दाखवायचं. दोघींचे जुने ड्रेस आखूड झाले होते. त्यामुळे गी (कराटेचा ड्रेस) नवीन घ्यायची होती.

"तू झळकच घेणार?" शाहीनने विचारलं. तिला वस्तू उलटीपालटी करून बघायची सवय होती. "मला तो जरा पातळ वाटतोय गं. तुझ्या आप्पांना विचारलंस का? ते तर कापडातलेच."

"हो, विचारलं की," कादंबरी म्हणाली. "चांगला आहे म्हणाले."

किती सहज बोलून गेली ती! दोघींचे ड्रेस सारखे दिसावेत, एवढंच तिच्या मनात होतं. शाहीनने एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "मग झालं तर. मी पण तोच घेते."

नवे ड्रेस आले तेव्हा क्लासमध्ये सगळे भोवती जमले. पहिल्याच ठोशाला बाहीतून खणखणीत आवाज आला. मात्र थोड्याच दिवसांत कादंबरीला काही गोष्टी खटकायला लागल्या. घाम आला की कापड पाठीला चिकटून बसायचं, आणि हात वर नेला की सदरा कमरेपासून वर ओढला जायचा. त्यांना शिकवणाऱ्या सेन्सेई प्रणोती चौगुले एकदा तिच्यासमोर येऊन थांबल्या.

"कादंबरी, तुझा ठोसा संपतोय कुठे? आवाज येतोय, पण हात थांबत नाहीये. पुढे वाहत जातोय."

"आवाज तर बरोबर येतोय, सेन्सेई."

"मी आवाजाबद्दल बोलत नाहीये," असं म्हणून सेन्सेई पुढच्या मुलीकडे गेल्या. कादंबरीने तेही मनावर घेतलं नाही.

जिल्ह्याची निवड कोल्हापुरात होती. सभागृहात खुर्च्या भरलेल्या होत्या आणि छताजवळ कॅमेऱ्याचे छोटे ड्रोन घिरट्या घालत होते. काता छान झाला. बुंकाईही शेवटपर्यंत ठीक चालली होती. शेवटची हालचाल अशी होती की शाहीनने ठोसा मारायचा, कादंबरीने तो चुकवून तिची बाही पकडायची, पायाने तिचा पाय उचलायचा आणि तिला खाली आणायचं. खाली आणताना बाही सोडायची नाही, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाही धरून ठेवली की जोडीदाराचा वेग कमी होतो आणि ती पाठीवर अलगद टेकते. हे दोघींनी इतक्या वेळा केलं होतं की शाहीन डोळे मिटूनही पडली असती.

कादंबरीने बाही धरली. पाय उचलला. शाहीन हवेत गेली आणि त्याच क्षणी टर्र असा आवाज झाला. खांद्यापासून सबंध बाही सुटून कादंबरीच्या हातात आली. धरायला काहीच उरलं नाही तशी शाहीन तिरकी फिरली आणि सगळ्या भाराने मनगटावर आदळली.

हिसका बसल्यामुळे कादंबरीच्या हातातली ती सुटी बाही वाजली. फट्! प्रेक्षकांतल्या कोणाला तरी वाटलं, हा सादरीकरणाचाच भाग आहे. त्याने टाळ्या वाजवल्या.

शाहीनचं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर हाडाचं चित्र दाखवलं. भेग वाढपट्टीतून (मुलांच्या हाडाच्या टोकाशी असलेला मऊ भाग, ज्याच्यामुळे हाड लांब होतं) गेली होती. "हाड जुळेल," ते म्हणाले, "पण ही पट्टी नाजूक असते. हात सरळ वाढतोय ना, ते बघत राहावं लागेल. हे वर्ष कराटे नाही." शाहीनच्या हातावर प्लास्टरऐवजी यंत्राने छापलेलं जाळीदार पांढरं कवच चढलं. राज्य स्पर्धेला दुसरी जोडी गेली.

कादंबरी तिला भेटायला गेली, तेव्हा शाहीन खिडकीशी बसली होती. अम्मी सरबत ठेवून आत गेली.

"चूक माझीच गं," शाहीन हळूच म्हणाली. "पडताना हात टेकवायचा नाही, हे सेन्सेई पहिल्या दिवसापासून सांगतात. मीच घाबरले असणार. ड्रेस तर चांगला होता. आप्पांनीच सांगितलं होतं ना!"

 खरं सांगायची वेळ तीच होती. तिने सरबताचा ग्लास तोंडाला लावला, तो तसाच खाली ठेवला, आणि घरी अभ्यास आहे असं पुटपुटून ती निघाली.

घरी आल्यावर तिने फाटकी बाही पिशवीत घातली आणि आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मला ताणूकडे न्या."

प्रयोगशाळा कापसाच्या आणि खळीच्या वासाने भरलेली होती. ताणू हा तिथला तपासणीचा रोबो होता. त्याला चेहरा नव्हता, दोन मजबूत हात मात्र होते. कापडाची दोन टोकं धरायची आणि ते हार मानेपर्यंत ओढायचं, हे त्याचं काम.

"कापड द्या," ताणू म्हणाला.

कादंबरीने बाहीच्या मनगटाकडचा एक तुकडा कापून दिला. ताणूने ओढायला सुरुवात केली. पडद्यावरची रेघ वर वर चढत गेली. तुकडा ताणला गेला, पण लवकर फाटेना.

"हे तर मजबूत आहे!" कादंबरी चकित झाली. "मग बाही कशी फाटली?"

"बाही नीट बघ. कापड कुठे फाटलंय?" आप्पांनी भिंग तिच्या हातात दिलं.

तिने बाहीची कड भिंगाखाली धरली. कापडाला एकही भोक पडलेलं नव्हतं. काठाचे धागे मात्र फणीच्या दातांसारखे मोकळे लोंबत होते, आणि शिवणीचा दोरा एका बाजूला तसाच उभा होता.

"कापड फाटलेलंच नाही. धागे शिवणीतून निसटलेत."

"बरोबर. याला सरकती शिवण म्हणतात. हे कापड पॉलिएस्टरचं आहे. पॉलिएस्टर म्हणजे कारखान्यात रसायनांपासून काढलेला लांब, गुळगुळीत तंतू. एकेकटा तंतू भलता चिवट असतो, पण गुळगुळीत असल्याने शेजारच्याला धरून राहत नाही. त्यात वीण विरळ असली, की ओढ बसल्यावर ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) एकमेकांवरून घसरतात. आता हे बघ." आप्पांनी जाड सुती कापडाचा धागा भिंगाखाली ठेवला. त्याच्या अंगावर बारीक लव होती. "कापसाचे तंतू आखूड आणि पिळदार असतात. हजारो तंतू एकमेकांना मिठी मारतात, तेव्हा त्यांचा धागा होतो. म्हणून घट्ट विणीच्या सुती कापडात शिवण बसली, की सहसा सरकत नाही."

ताणूने दोन शिवलेले तुकडे ओढून दाखवले. एकावर शिलाईची एकच ओळ होती. ती जिथे आधी ढिली पडली तिथेच सगळी ओढ गोळा झाली आणि पाहता पाहता शिवण उकलली. दुसऱ्यावर समांतर बऱ्याच ओळी होत्या, त्यामुळे ओढ सगळ्यांत वाटली गेली आणि तुकडा तग धरून राहिला.

मग आप्पांनी घरून आणलेला सुती सदरा उलटा केला आणि बगल दाखवली. तिथे पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा एक जादा तुकडा शिवलेला होता. "ही कळी. हात वर गेला की ही उघडते, म्हणून शिवणीवर ताण येत नाही आणि सदराही वर ओढला जात नाही. तुझ्या ड्रेसला आहे का?"

कादंबरीने बाही चाचपली. "नाही."

"कापड वाचवलं त्यांनी."

आप्पांनी दोन्ही कापडांवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. सुती कापडाने तो चटकन पिऊन टाकला. झळकच्या कापडावर तो मण्यासारखा बसून राहिला.

"घाम!" कादंबरी म्हणाली. "म्हणून पाठीला चिकटायचा."

"हो. कापसाला पाणी आवडतं. घाम कापडात पसरतो, हवेत उडून जातो, आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण पॉलिएस्टरला अगदीच वाईट ठरवू नकोस. ते लवकर वाळतं, चुरगळत नाही, आटत नाही. कापूस पहिल्या धुण्यांत आटतो, कारण मागावर ताणलेले धागे पाण्यात सैल होऊन मूळ लांबीवर येतात. म्हणून सुती ड्रेस थोडा मोठा घ्यावा, किंवा आधीच आटवलेला घ्यावा. दोन्ही तंतू मिसळून केलेली चांगली कापडंही असतात."

"मग सगळ्यात जाड सुती घेतला की झालं?"

"घे, आणि उन्हाळ्यात दोन तास झटापट करून बघ." आप्पा पहिल्यांदाच हसले. त्यांनी कापडाचे दोन चौकोन, एक पातळ आणि एक जाड, ताणूच्या तळहातावर ठेवले. "कापडाचा जडपणा एका चौरस मीटरच्या वजनावरून ठरवतात. तुझं झळक दोनशे ग्रॅमच्याही खाली आहे. काता करणारे मोठे खेळाडू चारशेच्या आसपासचं घेतात. झटापटीला हलकं बरं. तुमच्यासारख्या वाढत्या मुलींना, ज्यांना दोन्ही करायचंय, मधलं पुरतं. काम कोणतं ते आधी ठरवायचं, मग कापड."

कादंबरीने तो जाड चौकोन हातात घेऊन तोलून पाहिला. "आप्पा, आणि तुमचं ते कोडं? बाही बोलते कशी?"

"ओली चादर वाळत घालताना आई काय करते?"

"झटकते. मग ती वाजते."

"कशामुळे?"

कादंबरीने हात हवेत पुढे नेला आणि एकदम थांबवला. पुन्हा एकदा तसंच केलं. "हात थांबतो... पण चादर थांबत नाही. ती पुढे जात राहते."

"त्याला जडत्व म्हणतात. चालत्या वस्तूचा चालतच राहण्याचा स्वभाव. जड बाहीत ते जास्त असतं. हात थांबला तरी ती पुढे धावते, घट्ट कापड एकदम ताणलं जातं, घड्यांमधली हवा झटक्यात बाहेर पडते आणि आवाज होतो. हलकी बाही नुसती फडफडते."

कादंबरीचा चेहरा उतरला. "म्हणजे हात खरोखर थांबला, तरच तो आवाज येतो. माझ्या बाहीतला आवाज हात नुसता हलला तरी यायचा. सेन्सेई तेच सांगत होत्या. माझा ठोसा बिघडत होता आणि मला कळत नव्हतं."

ताणूचे हात खाली आले.  आता न सांगणं तिला शक्यच नव्हतं.

"आप्पा, शाहीनने विचारलं होतं तुमच्याबद्दल. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही चांगला म्हणालात असं म्हटलं. म्हणून तिने घेतला तो ड्रेस. आणि आता तिला वाटतंय की तीच चुकीची पडली."

आप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"मला राग आलाय, कादू," ते म्हणाले. "माझं नाव घेऊन कोणी खोटं बोलावं, हे मला सहन होत नाही. पण त्या दिवसाची मलाही खंत आहे. मी कोडं घालत बसलो. तू ऐकत नव्हतीस, तेव्हा सरळ हात धरून सांगायला हवं होतं की झळकच्या बगलेतली शिवण बघ, तो ड्रेस धोक्याचा आहे. मला वाटलं, आपणहून विचारेल. शिकवणाऱ्या माणसाला असा एक हट्ट असतो." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "माझं मी बघेन. शाहीनकडे तुला जायला लागेल."

ती तिथूनच शाहीनकडे गेली. शाहीन गच्चीवर डाव्या हाताने चेंडू भिंतीवर मारत होती. कादंबरीने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले ते, शिवण कशी सरकली ते, आप्पांनी दाखवलेलं सगळं.

शाहीनने चेंडू धरून ठेवला. "म्हणजे मी नीट पडत होते?"

"हो. बाही टिकली असती तर तू पाठीवरच टेकली असतीस."

"मी रोज तेच आठवतेय," शाहीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "डोळे मिटले की पडतेय. आपण कुठे चुकलो ते शोधतेय. अम्मीला म्हटलं, मला कराटे जमतच नाही, नाव काढून टाक. आणि तू त्या दिवशी समोर बसून ऐकत होतीस."

"मला माफ कर, शाहीन."

"मला आत्ता नाही बोलायचं तुझ्याशी."

ती खाली निघून गेली. कादंबरी जिन्याशी थोडा वेळ थांबली, पण कोणी हाक मारली नाही.

आप्पा दुसऱ्याच दिवशी सेन्सेईंना भेटून आले. क्लासमधले सगळे झळक ड्रेस तपासायला गेले, आणि ताणूने काढलेल्या आकड्यांसकट तक्रार कंपनीपर्यंत पोचली. कादंबरी आपल्या जुन्या, आखूड ड्रेसमध्ये एकटीच सराव करू लागली. ठोसा मारायचा आणि हात थांबवायचा. तो थांबायला फार दिवस लागले. कोणी नवा ड्रेस आणला, की ती तो उलटा करून बगल आणि शिवणी दाखवायची. शाळेत शाहीन दुसऱ्या बाकावर बसायला लागली होती. बोलायची, पण गृहपाठापुरतं.

शाहीनच्या हातावरचं कवच निघालं. मनगट जरा बारीक दिसत होतं, पूर्ण वळत नव्हतं. मग एका रविवारी सकाळी ती अम्मीला घेऊन प्रयोगशाळेत आली. कादंबरी तिथे आप्पांना मदत म्हणून कापडाच्या पट्ट्या कापत होती. शाहीनने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"आप्पा, मला ड्रेस घ्यायचाय," ती म्हणाली. "पण या वेळी मी स्वतः बघून घेणार. मला दाखवा."

आप्पांनी एकही कोडं घातलं नाही. सगळी कापडं समोर मांडली आणि ती विचारेल त्याचं सरळ उत्तर दिलं. शाहीनने थेंब टाकून पाहिले, शिवणींच्या ओळी बोटाने चाचपल्या, कळी उघडून मिटून बघितली. शेवटी तिने मध्यम वजनाचं, आधीच आटवलेलं सुती कापड बाजूला काढलं.

"पुढच्या वर्षी मी क्लासमधल्या सानिकाबरोबर जोडी करणार आहे," ती कापडाकडे बघतच म्हणाली. "सेन्सेईंना सांगितलंय."

"हं," कादंबरी म्हणाली. डोळे भरून आले, म्हणून ती पट्ट्या मोजायला लागली. दोष कोणाला देणार?

ताणू शाहीनने निवडलेला तुकडा ओढत होता. रेघ वर चढत होती. शाहीन एकटक बघत होती.

"आप्पा, शिवण सरकायला लागली की आधी कळतं का?"

"ताणूला कळतं. माणसाला नाही."

"मग असा दोरा का नाही करत, की ताण फार झाला की त्याचा रंग बदलेल? ड्रेस घालायच्या आधीच दिसेल. कोणी पडायच्या आधी."

आप्पा खुर्चीत सरळ बसले. "तसे दोरे लोकांनी करून बघितलेत, पण धुण्यात, घामात टिकत नाहीत. या कामाला अजून खूप वाव आहे. करायचं का सुरू? रविवारी येशील?"

"येईन," शाहीन म्हणाली. तिने दुखरं मनगट सावकाश फिरवून पाहिलं, जेवढं फिरत होतं तेवढं. मग यंत्रावरची नजर न हलवता म्हणाली, "तिलाही येऊ दे."